आपण मालक कधी झालो?

३१ मे २०२५, शनिवारची संध्याकाळ. ओरोस तिठ्यावरची चहाची टपरी. त्या वर्षी पाऊस मे संपायच्या आधीच उतरला होता, त्यामुळे ताडपत्रीखाली आम्ही सातआठ जण चिकटून उभे होतो. कार्यालयं बंद होती, पण शासकीय वसाहतीत राहणाऱ्यांना शनिवारीही तिठ्याशिवाय जायला जागा नाही. सगळ्यांच्या हातात फोन होते आणि फोनवर दोनच गोष्टी चालू होत्या. एक, मुंबईत सुरू असलेला प्रो कबड्डीच्या बाराव्या हंगामाचा लिलाव. दोन, व्हॉट्सॲपवर फिरणारी बदल्यांची पीडीएफ.

"शादलू गेलो रे. दोन कोटी तेवीस लाख."

"कोणाक?"

"गुजरातीक."

"मग आपण कित्याक नाय घेतलो?"

"पर्स खय होती आपल्याकडे? सुनीलाक सोडूक व्हयो होतो. मी तेव्हाच सांगितलेलंय."

हे शेवटचं वाक्य बोलणारे भाऊ इथल्याच एका कार्यालयात वरिष्ठ सहायक आहेत. पक्के यू मुम्बावाले, अनुप कुमारच्या जमान्यापासूनचे. सुनील कुमार म्हणजे यू मुम्बाचा कप्तान. त्याला सोडायचं, त्याचे वाचलेले पैसे शादलूवर लावायचे, असं त्यांचं गणित. गणित सांगून झालं, कटिंग संपली, आणि भाऊंनी दुसरी पीडीएफ उघडली. त्यात त्यांचं नाव होतं. ओरोसहून दोडामार्ग. मुलगी दहावीत, आईचे गुडघे गेलेले, बायको कुडाळात नोकरीला.

"माणसाक विचारूक नको? उचलल्यानी नि टाकल्यानी! माणूस म्हणजे काय कॅरमची सोंगटी?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. दहा मिनिटांपूर्वी भाऊंनी एका माणसाला उचलून टाकायला सांगितलं होतं, तेव्हाही आम्ही अशाच माना डोलावल्या होत्या. हे माझ्या लक्षात आलं ते रात्री, खोलीवर आल्यावर. तेव्हापासून लिलावाच्या गप्पांमध्ये माझं मन रमत नाही. का रमत नाही, ते इथे भांडून सांगणार आहे.

मालकाची भाषा

आधी आपण बोलतो कसे ते ऐका. "आपल्याकडे पर्स किती उरली?" "त्याला रिलीज करा." "हा वयस्कर झाला, याच्यावर पैसे घालू नका." "दोन स्वस्तातले घ्या, एक मोठा घ्या." बोलणाऱ्याच्या खिशात चहाचे पैसे असतात किंवा नसतात. संघात त्याची एका पैशाची भागी नाही. तरी भाषा शेअरवाल्याची. कबड्डी असो, आयपीएल असो, आपण खेळ बघता बघता कधीतरी प्रेक्षकाच्या बाकावरून उठलो आणि मालकाच्या खुर्चीच्या दांडीवर जाऊन बसलो. खुर्ची नाही मिळाली, नुसती दांडी. पण रुबाब पूर्ण.

याचा फायदा कोणाला? मालकालाच. लिलावाचं थेट प्रक्षेपण, टेबलावरच्या पाट्या, हातोडा, पडद्यावर चढत जाणारा आकडा, हे सगळं सामन्याइतकंच रंगवून दाखवलं जातं. एक सामना चाळीस मिनिटांचा. पण 'कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं' ही चर्चा वर्षभर चालते आणि ती चालवायला आपण फुकट राबतो. त्या बदल्यात मिळतं काय? आपणही निर्णय घेतोय असं वाटण्याचं सुख. घेत काही नसतो.

मी स्वतः अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर डेटा एन्ट्री करतो. दर वर्षी एक दिवसाचा खंड, मग नवी ऑर्डर. मिळाली तर. म्हणजे 'रिटेन' आणि 'रिलीज' हे शब्द मला कबड्डीने शिकवलेले नाहीत. तरी मी चार वर्षं तिठ्यावर उभा राहून लोकांना रिलीज करत होतो. हे वाचणाऱ्यांपैकी किती जण कंत्राटावर आहेत, गिगवर आहेत, 'नोटीस पीरियड'मध्ये आहेत? तुम्ही शेवटचं कोणाला रिलीज केलंत?

"पण ते कोटी घेतात ना!"

हा आक्षेप पहिला येतो आणि तो खोटा नाही. २०१४ मध्ये पहिल्या लिलावात सगळ्यात महाग खेळाडू होता राकेश कुमार, १२ लाख ८० हजार. २०२३ मध्ये तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं. ज्या खेळात आयुष्य घालवून बक्षीस म्हणून स्टीलची भांडी आणि फार तर खेळाडू कोट्यातली नोकरी मिळायची, त्या खेळात हा पैसा आला तो लिलावामुळेच. लिलाव बंद करा असं मी म्हणत नाही. तसं म्हणणाऱ्याने आधी जुन्या खेळाडूंच्या घरी जाऊन यावं.

पण आकडा नीट वाचू. बाराव्या हंगामाच्या लिलावात कोटीच्या वर गेले दहा जण. लीगमध्ये १२ संघ, प्रत्येकात किमान १८ खेळाडू, म्हणजे दोनशेच्या वर माणसं. सगळ्यात खालच्या 'ड' गटाची मूळ किंमत ९ लाख. वर्षाला ९ लाख वाईट नाहीत, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत. पण ते किती वर्षं? कबड्डीत गुडघा आणि खांदा तुमचा करार वाचून मोडत नाहीत.

त्याच लिलावात परदीप नरवालचं नाव आलं. डुबकी किंग. प्रो कबड्डीच्या इतिहासात चढाईचे सर्वाधिक गुण, १८०० च्या वर. २०२१ मध्ये यूपी योद्धाने त्याला १ कोटी ६५ लाखांना घेतलं, तेव्हा तो विक्रम होता. २०२४ मध्ये तो ७० लाखांवर आला. २०२५ मध्ये त्याच्या नावावर एकही पाटी वर गेली नाही. वय २८. काही दिवसांत त्याने निवृत्ती जाहीर केली. आमच्या टपरीवर त्याच्या नावाला आवाज उठला तो एवढाच : "बरा झाला, कोणी पैसे फुकट घालवल्यानी नाय." ज्याच्या डुबकीचे व्हिडिओ आम्ही कॉलेजात असताना पुन्हा पुन्हा बघितले, त्याच्यासाठी आमच्याकडे हे एक वाक्य होतं. तेही दुसऱ्याच्या पैशाच्या काळजीचं.

आता भाऊंच्या बदलीकडे या. महाराष्ट्रात सरकारी बदल्यांसाठी २००५ चा कायदा आहे. साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ, बदल्या शक्यतो वर्षातून एकदा, एप्रिल-मे महिन्यात. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांत तर संवर्ग आहेत : गंभीर आजार, दिव्यांग, पती-पत्नी एकत्रीकरण, अवघड क्षेत्रात सेवा झालेले. हे नियम पाळले जातात की वाकवले जातात यावर तिठ्यावर रोज भांडण होतं. पण भांडायला नियम तरी आहे. बदली होणारा हा माणूस आहे, त्याला बायको आहे, त्याची आई आजारी असू शकते, हे कागदावर मान्य केलेलं आहे. हे कोणी दयेने दिलेलं नाही. कर्मचारी संघटनांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून, निवेदनं देऊन मिळवलेलं आहे.

कबड्डीच्या लिलावात एकदा नाव नोंदवलं की कोणत्या शहरात जायचं हे खेळाडूच्या हातात नाही. जुना संघही शेवटच्या बोलीएवढी रक्कम भरून त्याला परत ठेवू शकतो. ते 'फायनल बिड मॅच' कार्ड संघाच्या हातात असतं. आयपीएलमध्ये अदलाबदलीला निदान खेळाडूची संमती लागते. तीही भांडून घ्यावी लागेल असं वातावरण एकेकाळी होतं. २०१० मध्ये रवींद्र जडेजाने आपला संघ सोडून दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केली म्हणून त्याच्यावर एक हंगाम बंदी आली होती. संघांनी खेळाडूंची अदलाबदल करणं हा व्यवहार. खेळाडूने स्वतः बोलणी करणं हा गुन्हा. त्याच जडेजाची नोव्हेंबर २०२५ मध्ये चेन्नईहून राजस्थानला अदलाबदल झाली, संजू सॅमसनच्या बदल्यात, सॅम करनसोबत. तेव्हा सगळ्यांनी 'कोण फायद्यात' यावर रील बनवले.

कबड्डी म्हणून तरी हे बरोबर आहे का?

आता समजा तुम्ही म्हणालात, भावना बाजूला ठेव, आम्हाला आमचा संघ जिंकायला हवा. ठीक. मग जिंकण्याचंच बोलू.

नववा हंगाम, २०२२. तमिळ थलैवाजने पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतलं, तेव्हाचा विक्रम. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि हंगाम संपला. तिठ्यावरच्या हिशेबाने थलैवाज तिथेच संपायला हवे होते. पण तोवर कधीच उपांत्य फेरी न बघितलेला तो संघ त्या वर्षी उपांत्य फेरीत गेला. चढाया कोणी केल्या? नरेंदर नावाच्या पोराने. तो लिलावातला कोटीचा खेळाडू नव्हता, नवोदितांच्या योजनेतून आला होता.

दहावा हंगाम. पवनसाठी तेलुगू टायटन्सने विक्रमी बोली लावली. संघ गुणतालिकेत शेवटचा. यात पवनचा दोष काढू नका. एक माणूस चढाईला जातो तेव्हा उरलेले सहा मागे उभे असतात, आणि समोरून चढाई आली की त्या सगळ्यांना साखळी धरावी लागते. डावा कोपरा घोट्याला झेपावतो त्या क्षणी शेजारच्याने धक्का द्यायचा की थांबायचं, हे बोलून ठरत नाही. अर्धा सेकंदही नसतो. ते दोन-तीन हंगाम शेजारी उभं राहून येतं. लिलावात तुम्ही कोपरा विकत घ्याल, शेजार कुठून विकत घेणार?

त्याच दहाव्या हंगामात विजेता कोण? पुणेरी पलटण. १ मार्च २०२४, हैदराबाद, हरियाणा स्टीलर्सवर २८-२५. कप्तान अस्लम इनामदार, आपल्या नगर जिल्ह्यातला. सोबत मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते, बरीचशी पोरं पलटणने लहानपणापासून हाताखाली वाढवलेली.

इथे तुम्ही मला पकडणार, हे मला माहीत आहे. त्याच पलटणमध्ये शादलू होता. २ कोटी ३५ लाखांचा, त्या हंगामातला सर्वोत्तम बचावपटू. बरोबर. आणि पुढच्या हंगामाआधी पलटणने त्याला सोडलं, हरियाणाने २ कोटी ७ लाखांना घेतलं, आणि २९ डिसेंबर २०२४ ला हरियाणा विजेता झाला. तोही पुण्यात, बालेवाडीत. म्हणजे मोठा खेळाडू फरक पाडतो. नाही पाडत असं म्हणणारा एक तर कबड्डी बघत नाही किंवा खोटं बोलतो.

पण पुढे बघा. अकराव्या हंगामात अस्लमचा गुडघा दुखावला, बराचसा हंगाम तो बाहेर, पलटण बाद फेरीच्या आत आली नाही. तेव्हा आमच्या टपरीवरचं एकमत होतं : "अस्लमाक काढून टाका, पायाचो भरवसो नाय." मीही हो म्हणालो होतो. पलटणने त्याला काढला नाही. ३१ ऑक्टोबर २०२५ ला बाराव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात अस्लमचीच पलटण होती. दिल्लीकडून ३१-२८ ने हरली, पण तिथे होती. शादलूला घेतलेला गुजरातचा संघ नव्हता.

म्हणजे आमच्या टपरीच्या हातात पलटण असती तर अस्लम घरी गेला असता. आमच्या हातात यू मुम्बा असती तर दर वर्षी नवा कप्तान आणि दर वर्षी नवी साखळी. यू मुम्बा पहिले तिन्ही हंगाम अंतिम फेरीत होती, २०१५ मध्ये विजेती झाली. तो संघ आम्हाला अजून पाठ आहे, कारण तो हंगामामागून हंगाम जवळजवळ तसाच राहिला होता. आता मला गेल्या वर्षीचे सात जण आठवत नाहीत. तुम्हाला आठवतात? ज्याला आपला संघ म्हणतो त्यातली माणसं आठवत नसतील, तर आपण नेमकं कशाचे चाहते आहोत? जर्सीच्या रंगाचे?

सिद्धार्थ देसाईचं उदाहरण आमच्या जास्त जवळचं. आंबोली घाट चढून पलीकडे गेलं की चंदगड, तिथल्या हुंदळेवाडीचा हा मुलगा. २०१८ मध्ये यू मुम्बाकडून पहिल्याच हंगामात दोनशेच्या वर चढाईगुण. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाखांना नेला. त्याला पैसे मिळाले याचा आनंदच आहे. पण त्या वर्षी आमची चर्चा होती ती 'मुंबईने कोटी वाचवले की घालवले' यावर. चंदगडसारख्या तालुक्यातून अजून असे किती निघू शकतील, त्यांना बघायला कोण जातं, आमच्या सावंतवाडी-कुडाळातून का निघत नाहीत, हे कोणीच विचारलं नाही. कारण मालक हे विचारत नाही. मालकाला तयार खेळाडू लागतो. हे विचारायचं काम प्रेक्षकाचं, गाववाल्याचं होतं. आम्ही ती नोकरी सोडून मालकाकडे लागलो.

हुर्यो कोणाची उडवायची

चाहत्याने मालकाशी भांडायचं की खेळाडूशी, हे जगात दोन ठिकाणी दोन तऱ्हेने झालं.

२ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे अमेरिकेत बास्केटबॉलच्या डॅलस मॅव्हरिक्सने लुका डॉनचिच लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन टाकला, अँथनी डेव्हिसच्या बदल्यात. लुका २५ वर्षांचा, आदल्याच वर्षी संघाला अंतिम फेरीत नेणारा. डॅलसचे लोक स्टेडियमबाहेर जमले, कोणी शवपेटी आणून ठेवली. पुढे सामन्यांमध्ये घोषणा दिल्या त्या व्यवहार करणाऱ्या व्यवस्थापकाला काढा अशा. नोव्हेंबरमध्ये त्याला काढलं. कोर्टवर उतरणाऱ्या पोरांचा यात काय दोष, हे त्या लोकांना कळत होतं.

आणि आपण? २०२३ च्या नोव्हेंबरात हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईला आला, डिसेंबरात रोहितच्या जागी कप्तान झाला. हार्दिक तयार होता हे खरं, पण व्यवहार दोन संघांच्या कचेऱ्यांत झाला होता. २०२४ चा पूर्ण हंगाम मैदानावर हुर्यो उडाली ती एकट्या हार्दिकची. वानखेडेवर, आपल्याच घरच्या मैदानावर, नाणेफेकीला संजय मांजरेकरांना माईकवरून लोकांना नीट वागायला सांगावं लागलं. मुंबई दहाव्या क्रमांकावर, म्हणजे शेवटी राहिली. मग २९ जूनला बार्बाडोसमध्ये विश्वचषकाचं शेवटचं षटक हार्दिकने टाकलं, आपण जिंकलो, आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच लोकांनी त्याच्या नावाचा जयघोष केला. माणूस तोच होता. निर्णय घेणाऱ्यांना यातल्या एकाही दिवशी कोणी काही विचारलं नाही.

बेसबॉलमध्ये कर्ट फ्लड नावाचा खेळाडू होता. बारा हंगाम सेंट लुईसकडून खेळला. १९६९ मध्ये त्याला न विचारता फिलाडेल्फियाला दिला. तो गेला नाही. मी विकण्याची वस्तू नाही, असं त्याने लीगच्या प्रमुखाला लिहून कळवलं आणि कोर्टात गेला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरला, कारकीर्द संपली. पण तीनच वर्षांत खेळाडूंना करार संपल्यावर संघ निवडायचा हक्क मिळायला सुरुवात झाली. हरलेल्या माणसाच्या खटल्याने पुढच्यांची वाट मोकळी झाली. आपल्याकडे उद्या एखादा कबड्डीपटू 'मला घराजवळ खेळायचंय' म्हणून अडून बसला, तर आपण त्याच्या बाजूने उभे राहू, की "नखरे बघा" म्हणून मीम करू?

गावचा लिलाव

हे सगळं टीव्हीपुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. ते आता घरात आलंय.

मे महिन्यात चाकरमानी आले की आमच्याकडे गावोगाव टेनिस क्रिकेटच्या लीग भरतात. पूर्वी वाडीचा संघ असायचा. आता मालक असतात, प्रत्येकाला ठरावीक पॉइंट, आणि हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून लिलाव. यूट्यूबवर थेट. मी अशा एका लिलावाला होतो. पडद्यावर एकेका पोराचा फोटो, खाली मूळ किंमत. एकोणीस वर्षांच्या एका मुलाचा फोटो आला. हाच मुलगा दर वर्षी मैदान तयार करतो, दगड वेचतो, चुन्याच्या रेषा मारतो. खेळायला बेताचाच. पाच सेकंद, दहा सेकंद. कोणी हात वर केला नाही. मग फोटोवर लाल अक्षरात 'अनसोल्ड' उमटलं आणि भोंगा वाजला. लोक हसले. त्याचा बाप मागे खुर्च्या लावत होता. रात्रीपर्यंत त्या फोटोचा स्टिकर झाला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो मुलगा रेषा मारायला आला. त्याने काही मनाला लावून घेतलं नाही, असं सगळे म्हणाले. मला त्याच्या तोंडाकडे बघवलं नाही, कारण स्टिकर मीही पुढे पाठवला होता.

जुनं सगळं सोन्याचं होतं असं मला म्हणायचं नाही. वाडीचा संघ कोण निवडायचं, कोणत्या घरातल्या पोराला कधीच बॅट मिळायची नाही, हे गावात वाढलेल्यांना माहीत आहे. त्याच लिलावात पहिला, सगळ्यात जास्त पॉइंटांना गेला तो असाच एक मुलगा, ज्याला वाडीच्या संघात दोन वर्षं बाराव्या जागेवर बसवलं होतं. लिलावाने त्याला न्याय दिला. हे मान्य. पण त्यासाठी दुसऱ्याच्या फोटोवर शिक्का मारून भोंगा वाजवायची गरज काय होती? नावं चिठ्ठीने वाटता येतात, शेवटचे चार प्रत्येक संघात सक्तीने घेता येतात. हे कोणाला सुचलं नाही, कारण टीव्हीवर तसं दाखवत नाहीत.

आणि खर्च बघा. ट्रॉफी छातीएवढी. ड्रोन. टी-शर्टवर मालकाचा फोटो. त्याच हंगामात कोणा पोराचा गुडघा गेला तर? वर्गणी काढून रिक्षाने जिल्हा रुग्णालयात. खेळाडूंचा अपघात विमा काढणारी लीग मला अजून भेटायची आहे.

मग भांडायचं कशावर?

भांडण सोडू नका. भांडणाशिवाय टपरी चालत नाही, कबड्डीही चालत नाही. फक्त बाजू बदला.

'याला सोडा' म्हणायच्या आधी तीन प्रश्न विचारा. हा कोणाच्या शेजारी उभा राहतो? दुखापतीतून येऊन किती दिवस झाले? याच्या जागी येणारा साखळीत बसायला किती सामने घेईल? हे प्रश्न मालकाला नको असतात. कबड्डी कळणाऱ्याला हवे असतात.

व्यवहार फसला तर नाव व्यवहार करणाऱ्याचं घ्या. खेळाडूला हुर्यो नको.

आपल्या तालुक्याच्या स्पर्धेत मॅट आहे की माती, आणि मातीवर खेळणारं पोर निवड चाचणीला पहिल्यांदा मॅटवर उतरतं तेव्हा त्याचं काय होतं, ते जाऊन बघा. त्यावर रील करा. कोणत्या संघाने किती नवोदित वाढवले याची यादी कोटींच्या यादीइतकीच आवडीने फिरवा.

आणि मुलींचं विचारा. २०१६ मध्ये प्रो कबड्डीच्या सोबत महिलांची स्पर्धा झाली होती, तीन संघांची. त्यात अर्जुन पुरस्कार मिळवलेली आपली अभिलाषा म्हात्रे होती. पुढच्या वर्षी ती स्पर्धा नव्हती. बारा हंगाम आपण पुरुषांच्या संघांत कोण हवा, कोण नको यावर घसे कोरडे केले. पूर्ण लीगच्या लीग रिलीज झाली, त्यावर तिठ्यावर एक कटिंगही सांडली नाही.

भाऊ जूनमध्ये दोडामार्गला रुजू झाले. अर्ज केले, भेटले, काही झालं नाही. आठवड्याला येतात. माझी ऑर्डर एक दिवसाच्या खंडाने पुन्हा निघाली.

नोव्हेंबरात आयपीएलच्या अदलाबदली सुरू झाल्या तेव्हा रात्री भाऊंचा फोन आला. मला वाटलं जडेजावर बोलतील. पण बातमी दुसरीच होती. पालघरचा शार्दुल ठाकूर, लोकलने क्रिकेटची बॅग घेऊन तासन्‌तास प्रवास करून वाढलेला, पंजाब, पुणे, चेन्नई, दिल्ली, कोलकाता, लखनौ असं सगळं फिरून मुंबईच्या संघात आला होता. दोन कोटींना.

"दोन कोटी जास्त झाले काय रे?" असं भाऊ म्हणतील, म्हणून मी थांबलो. ते एवढंच म्हणाले :

"शार्दुलाची बदली झाली बघ. घराकडे. बरा झाला."